पिमलिकोचा सुतार : पायी फेरीच्या कामाच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४
काम ठरलं. मे महिन्यात मंडळासाठी लंडनच्या पिमलिको आणि बेल्ग्रेव्हिया भागातून मराठीत पायी फेरी, अडीच तासांची, आणि हातात द्यायला सोळा पानी पुस्तिका. सगळी फेरी एकाच माणसावर : थॉमस क्युबिट, १७८८ ते १८५५. पांढऱ्या गिलाव्याची, दाराशी दोन खांब असलेली जी घरं बघून पाहुणे "हेच ते लंडन" म्हणतात, त्यातली रांगाच्या रांगा याच्या माणसांनी उभ्या केल्या.

मी इथं बांधकामांची एस्टिमेटं काढतो. विटा, चुना, मजुरी यांच्या पलीकडचं मला फारसं कळत नाही, पण या माणसाबद्दल लिहायला तेवढं पुरावं.

मंडळाच्या सचिवताईंचा पहिलाच आक्षेप शीर्षकावर. 'व्हिक्टोरियन काळातला बिल्डर' असं छापलं तर कोण येणार, म्हणाल्या. खरंय. मराठीत बिल्डर म्हटलं की पांढरी गाडी, मनगटात कडं आणि फ्लेक्सवर नगरसेवकाशेजारी फोटो. 'बांधकाम व्यावसायिक' हा बातमीतला शब्द, माणूस दिसतच नाही त्यातून. 'वास्तुविशारद' चूक ठरेल. शीर्षकाची जागा सध्या कोरी.

२१ जानेवारी
पहिल्या दोन पानांचा कच्चा मजकूर. नॉरफक परगण्यातलं बक्सटन गाव, बाप सुतार, पोरगाही सुतार. तरुणपणी जहाजावरचा सुतार म्हणून हिंदुस्थानची सफर करून आला. त्या सफरीतून गाठीला बांधलेल्या पैशावर लंडनमध्ये स्वतःचं सुतारकाम सुरू केलं, साधारण १८१० च्या सुमारास. म्हणजे पुढे राणीचं घर बांधणाऱ्या माणसाचं भांडवल हिंदुस्थानच्या वाटेवर जमलेलं. याहून जास्त ताणणार नाही. सचिवताईंना इथं मुंबईचं एक जुनं चित्र हवं होतं, त्यांना जहाजाच्या चित्रावर राजी केलं.

४ फेब्रुवारी
आज पुस्तिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं पान लिहिलं. बाकी सगळं याच पानावर उभं राहणार आहे, म्हणून इथंही सविस्तर.

त्या काळी इमारत बांधायची तर गवंडी वेगळा, सुतार वेगळा, पाथरवट, गिलावा करणारा, काचा बसवणारा, शिशाचे नळ जोडणारा, रंगारी, प्रत्येकाशी वेगळा करार. एकाचं रखडलं की मागचे सगळे हातावर हात ठेवून बसणार. १८१५ मध्ये क्युबिटला 'लंडन इन्स्टिट्यूशन'च्या इमारतीचं मोठं काम मिळालं, आणि मुदतीचं काम असल्या तऱ्हेने उरकत नाही हे त्याला तिथं पुरतं कळलं. त्यानं ग्रेज इन रोडवर जागा घेतली, कारखाने उभारले, आणि सगळ्या धंद्यांची माणसं आपल्याच पगारावर ठेवली. सुतार आपला, लोहार आपला, मुकादम आपला. आज मोठी कंपनी असंच करते, किंवा करते असं भासवते. तेव्हा लंडनला हे नवीन होतं.

पण माणसं कायमची ठेवली की दर शनिवारी पगार द्यायचा. गिऱ्हाइकांची कामं काही ओळीनं येत नाहीत. दोन कामांच्या मधल्या दिवसांत शेकडो माणसांना खायला काय घालायचं? म्हणून त्यानं गिऱ्हाईक नसताना घरं बांधायला सुरुवात केली : आधी उत्तरेला हायबरी, बार्न्सबरी, स्टोक न्यूइंग्टन, मग ब्लूम्सबरीतला टॅव्हिस्टॉक स्क्वेअर आणि गॉर्डन स्क्वेअर, मग बेल्ग्रेव्हिया, मग पिमलिको. लोकांना वाटतं जमिनीच्या हव्यासापायी शहर वाढवत गेला. हव्यास नव्हता असं मी म्हणत नाही. पण हजेरीपट रिकामा राहू द्यायचा नाही, ही निकड त्याच्याआधीची.

सांगलीच्या मामांना फोनवर हे वाचून दाखवलं. चाळीस वर्षं त्यांनी रस्त्यांची आणि शाळाखोल्यांची कामं घेतली. म्हणाले, "म्हणजे माणसं सांभाळायला काम शोधत होता. आम्ही काम मिळालं की माणसं शोधतो." हे वाक्य पुस्तिकेत जाणार.

फोन ठेवताना म्हणाले, "तुझा तो साहेब असू दे. जोतीराव फुलेपण बांधकामाची कंत्राटं घ्यायचे, आणि १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेत सभासद होते. ते विसरू नकोस." विसरलो नाही. फेरी पिमलिकोतून निघते, भवानी पेठेतून नाही, त्यामुळे त्यांना तळटीप.

१७ फेब्रुवारी
भाडेपट्ट्याचं पान. हे नीट समजावलं नाही तर बेल्ग्रेव्हिया कळत नाही.

जमीन ग्रोव्हनर घराण्याची. ती विकत नाहीत. बिल्डरला साधारण ९९ वर्षांच्या पट्ट्यानं मिळते. बांधकाम चालू असेपर्यंतचं भुईभाडं नाममात्र, इंग्रजी कागदपत्रांत त्याला 'एक मिरी' म्हणतात. खरोखर काळी मिरी, मसाल्यातली, एक दाणा. कायद्याला मोबदला म्हणून काहीतरी दिलेलं हवं, म्हणून मिरी. मग बिल्डरनं रस्ते, गटारं, घरं बांधायची, एकेका घराचा पट्टा विकायचा आणि भुईभाड्यातला वाढावा आपल्याकडे ठेवायचा. मुदत संपली की जमीन घरांसकट पुन्हा मालकाची. बिल्डरच्या पोटात गोळा येतो तो मधल्या काळात, रस्ते-गटारांत पैसा घातलाय आणि घराला गिऱ्हाईक नाही तेव्हा. १८२५ च्या अखेरीस बँका कोसळल्या तेव्हा लंडनचे कित्येक बिल्डर असेच बुडाले. क्युबिट तरला.

फेरीच्या दिवशी प्रत्येकाला एकेक मिरी द्यायची. सचिवताईंना कल्पना आवडली, खर्च शून्य.

२५ फेब्रुवारी
जागेवर गेलो. थंडी, वारा, नदीवरून तर नाकच गळून पडेल असा.

डेन्बी स्ट्रीट आणि सेंट जॉर्जेस ड्राइव्हच्या कोपऱ्यावर क्युबिटचा ब्राँझचा पुतळा आहे, १९९५ मध्ये बसवलेला. फेरी इथून सुरू. मार्ग : पुतळा, नदीकाठी डॉल्फिन स्क्वेअर, तिथून ग्रोव्हनर रोडनं पश्चिमेला मैलापाण्याच्या जुन्या पंपिंग स्टेशनपर्यंत, मग आत वळून ईटन स्क्वेअर आणि शेवट बेल्ग्रेव्ह स्क्वेअर. चार किलोमीटरच्या आत. ज्येष्ठांसाठी बसायच्या जागा तीन, स्वच्छतागृहाची अडचण आहे.

उभं राहून विचार केला की पायाखाली काय आहे. बेल्ग्रेव्हियाची जमीन म्हणजे 'फाइव्ह फील्ड्स' नावाची पाणथळ. वर चिकणमाती, खाली खडी. पाणी मुरायचं नाही म्हणून कुणी बांधत नव्हतं. क्युबिटनं वरची चिकणमाती उपसली, तिच्याच विटा भाजल्या, आणि घरं खालच्या खडीवर उभी केली. वाहतूक वाचली, विटा फुकटात, पाया कोरडा. एस्टिमेट काढणाऱ्या माणसाला यापेक्षा सुंदर काही सांगू नका.

पिमलिकोत उलटं : तिथं भर घालावी लागली. १८२०च्या दशकात टॉवर ऑफ लंडनच्या किल्ल्याजवळ सेंट कॅथरिन गोदी खणत होते, तिची माती होडग्यांनी नदीतून वर आणून इथं टाकली. त्या गोदीसाठी तिथली सव्वा हजारभर घरं पाडली होती, अकरा हजारांहून जास्त माणसं उठवली होती, आणि भाडेकरूंना भरपाई नव्हती. गोदी क्युबिटची नव्हे, पाडापाडीही त्याची नव्हे. पण गरिबांच्या घरांखालची माती पैसेवाल्यांच्या घरांखाली आली हे फेरीत सांगायचंच. सचिवताई म्हणतात जरा हलक्या सुरात सांगा.

९ मार्च
फजिती. छपाईला द्यायच्या आधी सापडली म्हणून बरं.

थॉमसच्या धाकट्या भावाचं, विल्यमचं पान मी लिहिलं होतं : लंडनचा लॉर्ड मेयर, शिवाय कैद्यांना पायांनी फिरवायला लावायचं चक्र शोधणारा, शिवाय क्रिस्टल पॅलेसच्या कामावर देखरेख केल्याबद्दल 'सर' झालेला. एवढं एका माणसाला कसं जमलं असेल म्हणून कौतुकही केलं होतं. जमलंच नव्हतं. चक्र आणि क्रिस्टल पॅलेस दुसऱ्या विल्यम क्युबिटचे, १७८५ ते १८६१, व्यवसायानं इंजिनियर. तोही नॉरफकचाच. आपला विल्यम १७९१ ते १८६३, बिल्डर. त्या इंजिनियराचा मुलगा जोसेफ, ब्लॅकफ्रायर्सचा पूल त्याचा. एका परगण्यातून इतके क्युबिट बांधकामात यावेत म्हणजे आपल्याकडे एका आळीतले सगळे जोशी ज्योतिषी निघावेत तसं झालं.

संपूर्ण पान रद्द. पुढच्या वेळी आधी जन्मसाल बघायचं, मग कौतुक.

१६ मार्च
विल्यमचं पान नव्यानं. भावांनी पुढे धंदा वेगळा केला. ग्रेज इन रोडचे कारखाने विल्यमकडे आणि सगळ्यात धाकट्या लुइसकडे. युस्टन स्टेशनची प्रसिद्ध कमान त्यांनी बांधली. लुइसनं पुढे किंग्ज क्रॉस स्टेशनचा आराखडा केला, १८५२ चा. साध्या पिवळ्या विटांच्या दोन मोठ्या कमानी, मला तर शेजारच्या नटव्या सेंट पँक्रसपेक्षा तोच चेहरा आवडतो. विल्यमनं नदीच्या वळणातल्या आइल ऑफ डॉग्जवर अख्खी वस्ती वसवली, तिला अजून क्युबिट टाउन म्हणतात.

सार्वजनिक कामात खऱ्या अर्थानं उतरला तो हा भाऊ : शेरीफ, अँडोव्हरचा खासदार, आणि १८६० पासून लागोपाठ दोन वर्षं लॉर्ड मेयर. त्याच्या दुसऱ्या वर्षी, १८६२ मध्ये, अमेरिकेतल्या युद्धामुळे कापूस यायचा थांबला, लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या आणि मजूर उपाशी राहू लागले. त्यांच्यासाठी लॉर्ड मेयरच्या निवासातून, मॅन्शन हाउसमधून, निधी उभा राहिला. तो पुढे पाच लाख पौंडांवर गेला.

आणि इथं मात्र मुंबई आपल्या पायांनी चालत येते. तोच अडलेला कापूस मुंबईहून जाऊ लागला. मँचेस्टरमध्ये चूल विझली तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा धुमाकूळ झाला, बॅक बेच्या भरावाच्या कंपनीचे भाव आभाळाला भिडले. १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. सचिवताईंना जुन्या मुंबईचं चित्र इथं टाकू दिलं.

३० मार्च
गटार, धूर, बाग. तीन पानांचा मजकूर, दोन पानांत बसवायचा.

थॉमस निवडणुकीला उभा राहिला नाही. त्याचं सार्वजनिक काम म्हणजे संसदीय समित्यांपुढे जाऊन साक्ष देणं, टिपणं छापणं, सरकारच्या मागे लागणं. १८४० च्या साक्षीत त्यानं जे सांगितलं त्याचा मतलब असा : पूर्वी प्रत्येक घराचा स्वतःचा मैलाखड्डा असायचा. आता गटारं सुधारली, सगळं थेट नदीत जातं, त्यामुळे ज्याचा त्याचा वेगळा खड्डा जाऊन थेम्स हाच सगळ्यांचा एक खड्डा झालाय. हे सांगणारा माणूस स्वतः हजारो घरांची गटारं त्याच नदीला जोडत होता. म्हणूनच त्याला माहीत होतं. १८४३ मध्ये त्यानं नदी आणि गटारांच्या सुधारणेवर टिपण छापलं. लंडनला नाक मुठीत धरून संसद चालवावी लागली ते १८५८ साली, मग इंजिनियर बॅझलजेटची गटारयोजना मार्गी लागली. तोवर क्युबिट मरून तीन वर्षं होत होती. ग्रोव्हनर रोडवरचं पंपिंग स्टेशन त्या योजनेतलं, १८७५ चं.

धूर : पिमलिकोच्या नदीकाठी, थेम्स बँक म्हणतात त्या जागी, त्यानं प्रचंड कारखाना काढला, वाफेच्या यंत्रांवर लाकूड कापायचे, दारं-खिडक्या बनायच्या. भट्टीतला धूर भट्टीतच जाळता येतो हे त्यानं तिथं करून दाखवलं आणि समितीपुढे मांडलं. इतर कारखानदार म्हणत होते की शक्यच नाही.

बाग : नदीपलीकडे बॅटरसी फील्ड्स, दलदल, दारूचे गुत्ते, कबुतरांची नेमबाजी, रविवारी दंगा. तिथं सार्वजनिक बाग करा हा प्रस्ताव त्यानं १८४३ मध्ये सरकारी आयोगाकडे दिला. कायदा १८४६ मध्ये, बाग खुली झाली १८५८ मध्ये.

आता माझं म्हणणं. या तिन्हींत त्याचा फायदा होता. नदी घाण तर पिमलिकोच्या घरांना गिऱ्हाईक नाही. धुरानं पांढरा गिलावा वर्षात काळा. आणि बाग बरोबर त्याच्या घरांसमोर. सचिवताईंना 'दानशूर' शब्द हवा होता, मी काढला. दुसऱ्या टोकाला आमच्या एका समिती सदस्यांना 'अखेर बिल्डरच' असं वाक्य हवं होतं, तेही काढलं. ज्यानं चार इमारती बांधून पैसे घेऊन निघून जायचं ठरवलंय त्याला गटाराची फिकीर नसते. याला पस्तीस वर्षं त्याच शहरात घरं विकायची होती. त्याचा स्वार्थ इतका लांब पल्ल्याचा होता की त्यात अख्खं शहर मावलं.

१४ एप्रिल
बिअर आणि कोको.

थेम्स बँकेच्या कारखान्यात कामगारांसाठी ग्रंथालय होतं, त्यांच्या मुलांसाठी शाळेची खोली होती, आणि सकाळी सूप व कोको मिळायची सोय होती, म्हणजे माणूस पहाटेच दारूकडे वळू नये. हे सगळं छान.

पण १८३४ ही आहे. एका बिअर कारखान्यानं कामगार संघटनेची माणसं ठेवायला नकार दिला, म्हणून क्युबिटांच्या कामगारांनी त्या कारखान्याची बिअर प्यायची नाही असं ठरवलं. क्युबिटांनी उलट फर्मान काढलं की मग कामावर दुसरी कोणतीच बिअर चालणार नाही. ठिणगी पडली. लंडनच्या बिल्डरांनी एकत्र येऊन संघटना सोडल्याचा कागद सही करून मागितला, आणि ऑगस्टपासून हजारो माणसं कित्येक आठवडे कामाबाहेर राहिली. पगारावर कायम ठेवणारा मालक 'माझी माणसं' म्हणतो तेव्हा त्यातला 'माझी' किती जड असतो, ते इथं कळतं.

आणि लगेच १८५४. ऑगस्टमध्ये थेम्स बँकेचा कारखाना जळाला. नुकसान ३०,००० पौंड. निरोप मिळाल्यावर त्याचे पहिले शब्द म्हणून जे नोंदलं गेलंय ते असं : माणसांना सांगा, आठवड्यात कामावर घेतो, आणि नव्या हत्यारांसाठी माझे ६०० पौंड. सुताराची हत्यारं त्याची स्वतःची असायची. ती जळाली म्हणजे पोट जळालं, हे सुतारालाच आधी सुचणार.

दोन्ही गोष्टी एकाच पानावर, समोरासमोर छापायच्या. आधी वेगळ्या ठेवल्या होत्या, चूक होती.

२७ एप्रिल
राजघराण्याचं पान आटोपलं. आइल ऑफ वाइटवरचं ऑस्बोर्न हाउस, १८४५ ते १८५१, प्रिन्स अल्बर्ट आणि क्युबिट दोघांनी मिळून आखलेलं, मध्ये आर्किटेक्ट नाही. बकिंगहॅम पॅलेसची समोरची बाजू त्यानं बांधली, आराखडा ब्लोरचा. फ्रान्सच्या केन गावचा मऊ चुनखडीचा दगड वापरला गेला. लंडनच्या धुरानं तो खाल्ला, आणि १९१३ मध्ये वरून पोर्टलंडचा दगड चढवावा लागला. धुराची तक्रार करणाऱ्याच्या कामाचा चेहरा धुरानंच खाल्ला. मार्बल आर्च उचलून आजच्या जागी मांडली तीही त्यानंच, १८५१ मध्ये. सध्याची राणी कॅमिला त्याच्या वंशातली, आईकडून, म्हणजे थॉमस तिच्या पणजोबांचा आजोबा. मंडळात हीच माहिती सगळ्यात जास्त टिकणार याची खात्री आहे.

२० डिसेंबर १८५५ ला डॉर्किंगजवळच्या डेनबीज इथं वारला. मृत्युपत्र ३८६ पानांचं, दर पानाला ९० शब्द, म्हणजे चौतीस हजार सातशेच्या वर. चामड्याच्या तीस कातड्यांवर उतरवलेलं. आमची पुस्तिका पाच हजार शब्दांची आहे आणि छापखानेवाला आत्ताच कुरकुरतोय.

शीर्षक ठरलं : 'पिमलिकोचा सुतार'. सचिवताई लगेच हो म्हणाल्या.

१८ मे
फेरी झाली. नावं चाळीस, आले सत्तावीस, त्यात तीन बाबागाड्या. मिरी वाटल्या. एका आजोबांनी आपली मिरी तिथंच चावली आणि "भरलं बघा भुईभाडं" म्हणाले.

डॉल्फिन स्क्वेअरशी पंधरा मिनिटं जास्त गेली. १९३०च्या दशकातली फ्लॅटची प्रचंड वसाहत, क्युबिटच्या कारखान्याच्या जागेवर. मी कोकोबद्दल सांगत होतो, लोक आपापसात इथल्या सर्व्हिस चार्जबद्दल बोलत होते. मातीची गोष्ट हलक्या सुरात सांगितली नाही. ती संपल्यावर कुणी बोललं नाही, मग एक बाई म्हणाल्या, "आमची लालबागची चाळ पाडली तेव्हा मी नववीत होते." पुढच्या चौकापर्यंत त्याच बोलत राहिल्या, मी गप्प. बरं झालं.

बेल्ग्रेव्ह स्क्वेअरला पोचेतो पाऊस. वकिलातींचे झेंडे भिजलेले, आमचे कागदही.

२६ मे
हिशेब : छपाई आणि चहा वजा जाता ११ पौंड शिल्लक, पुस्तिकेच्या ६३ प्रती शिल्लक. एक मामांना पोस्टानं गेली होती, त्यांचा आज व्हॉट्सॲपवर आवाज आला. कोको आवडला. राणीचं पान त्यांनी वाचलंच नाही. मग म्हणाले, "आमच्याकडं पावसाळ्यात काम बंद, माणसं गावाला. त्याच्याकडं थंडीत चुना गोठत असेल की. तेव्हा हजेरीवरच्यांना काय द्यायचा?"

उत्तर कारखान्यात होतं आणि मी ते पुस्तिकेत घातलं नव्हतं. दुसऱ्या छपाईत पान ६ वर एक ओळ वाढवायची : कडाक्याच्या थंडीत वीटकाम आणि गिलावा बंद, पण छपराखाली सुतारांचे रंधे चालू, उन्हाळ्यात लागणारी दारं-खिडक्या तेव्हा करून ठेवायची.